मोत्यांच्या माहेरी

दोहा, शनिवार रात्र

प्रिय बंड्या,

तुला फोनवर काही सविस्तर सांगणं म्हणजे कर्मकठीण. कायम दुकानात कोणी ना कोणी आलेलं असतं, नाहीतर मागे रावपुऱ्याच्या रस्त्यावरचे हॉर्न. म्हणून आज सरळ लिहायलाच बसलो. आई झोपली आहे. उद्या रविवार, म्हणजे इथला कामाचा दिवस. सुट्टी शुक्रवार-शनिवारची. अजूनही रविवारी सकाळी डबा घेऊन निघालो की शाळेतून पळून उलट्या दिशेला चाललोय असं वाटतं. ते जाऊ दे.

बातमी अशी, की ज्याच्यावरून तू आणि मी सूरसागरच्या कठड्यावर बसून वाद घालायचो, तो आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराजांचा मोत्यांचा गालिचा काल या डोळ्यांनी पाहिला. आणि आज आईला घेऊन कतारच्या उत्तरेला अल झुबाराला जाऊन आलो. मोत्यांच्या जिवावर उभं राहिलेलं आणि नंतर वाळूखाली गेलेलं गाव. दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्यामुळे डोक्यात जरा गर्दी झाली आहे, ती तुझ्यावर रिकामी करतो.

आधी गालिचा. तो इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इमारतीचे फोटो मी तुला पाठवले होते. वाळवंटात जिप्समचे स्फटिक फुलासारखे जमतात, त्या आकारावर एका फ्रेंच वास्तुविशारदाने, झां नूव्हेलने, ती बेतली. २०१९ मध्ये उघडली. सगळीकडे तिरक्या भिंती, तिरके छत. लोक तोंडात बोट घालतात. आई आत शिरून इकडे तिकडे बघत म्हणाली, "एक भिंत सरळ नाही. कॅलेंडर लावायचं कुठे?"

मोत्यांच्या दालनात मुद्दाम अंधार ठेवलाय. गालिच्यावर तेवढा प्रकाश. मला वाटायचं, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पसरता येईल असं काहीतरी अवाढव्य असणार. तसं काही नाही. पावणेनऊ फूट बाय पावणेसहा फूट, बस. पण जवळ गेलास की बोलती बंद. खाली हरणाचं कातडं आणि रेशीम, वर पंधरा लाखांच्या पुढे बारीक मोती, एकाला एक चिकटून टाचलेले. मधोमध हिऱ्यांची तीन मोठी फुलं. माणकं, पाचू, नीलम. आणि वेलबुट्टीतला निळा, लाल, हिरवा रंग आहे तो काचेच्या मण्यांचा. ते मणी बघून मला फार बरं वाटलं. एवढ्या सगळ्यात महाराजांनी कुठेतरी काटकसर केली म्हणायची.

आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला, काचेपाशी वाकली आणि म्हणाली, "किती नथी झाल्या असत्या रे यात!" तिच्या नथीत आहेत ना बसऱ्याचे मोती, आजीकडून आलेले, त्यांच्याशी ती मनात ताडून बघत होती. मग शेजारच्या एका फिलिपिनो जोडप्याला हिंदीत सांगितलं, "ये हमारे गाँव का है." त्यांनी हसून मान डोलावली आणि फोटो काढला. गालिच्याचा नाही, आईचा.

आता तुझा नेहमीचा मुद्दा. खंडेरावांनी हा मदिनेला, पैगंबरांच्या कबरीवर घालायला करवून घेतला, असं सांगतात. १८६५ च्या सुमाराचं काम. १८७० ला महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो मांडला होता. पुढे बडोद्याचे नंतरचे महाराज प्रतापसिंहराव यांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी यांच्याबरोबर मोनॅकोला. आणि २००९ च्या मार्चमध्ये इथे दोह्यातच लिलाव, सुमारे ५५ लाख डॉलरला. इथपर्यंत आलं की तू टेबलावर हात आपटून म्हणायचास, "आपला गालिचा! परत मागायला पाहिजे!" आणि मी म्हणायचो, मोती कुठले होते ते आधी सांग. आपण बसऱ्याचे म्हणतो ते मोती या आखातातले, कतार-बहरीनच्या उथळ समुद्रातले. इथून गलबतांनी मुंबईला, मुंबईच्या बाजारातून राजेरजवाड्यांकडे. म्हणजे लेक माहेरी आली, तक्रार कसली?

हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं. काल गालिच्यासमोर मनात म्हणूनही घेतलं. आज झुबारा पाहिल्यावर ते तेवढं सोपं राहिलेलं नाही. सांगतो.

सकाळी लवकर निघालो. शमाल रोडने उत्तरेला, शंभरेक किलोमीटर. आईने पहाटे उठून थेपले केले, छुंद्याची बाटली, दही, वर मिरच्या. अर्ध्या तासात शहर संपतं आणि मग खरंच काही नसतं. वाळवंट म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर सोनेरी टेकड्या आणि उंटांची रांग येत असणार. त्या टेकड्या इथे दक्षिणेला आहेत. उत्तरेला सगळं सपाट, करडं, खडीचं रान. मधेच पांढऱ्या मिठाचा पट्टा. एखादं खुरटं झुडूप, त्यावर वाऱ्याने अडकलेली प्लास्टिकची पिशवी. आई बराच वेळ बाहेर बघत होती. म्हणाली, "इथे काय पिकतं?" मी म्हटलं, काही नाही. वर्षभरात सरासरी पंच्याहत्तर मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे २०१९ च्या जुलैत एका दिवसात पाचशेच्या आसपास पडला होता, आठवतं? तू पोटऱ्याभर पाण्यात उभा राहून सोसायटीत मगर शिरल्याचं मला व्हिडिओवर दाखवत होतास. त्या एका दिवसाचा पाऊस यांना सहा वर्षं पुरेल.

झुबाराला पोचल्यावर आधी दिसतो तो किल्ला. रायगड-बियगड मनात आणू नकोस. चौकोनी, एकटा, मोकळ्या मैदानात ठेवल्यासारखा. चार बुरूज, त्यातले तीन गोल आणि एक चौकोनी. जुना वगैरे नाही, १९३८ चा. ज्या शेख अब्दुल्ला बिन जासिमने तो बांधला, त्याचाच राहता वाडा दोह्याच्या त्या संग्रहालयाच्या पोटात जपून ठेवलाय. काल वाडा, आज किल्ला. ऐंशीच्या दशकापर्यंत इथे शिपाई राहायचे. भिंती मीटरभर जाड. आत शिरलो की वारा बंद, गारवा. बाकी किल्ल्यात फार रमण्यासारखं नाही.

खरं गाव तिथून पुढे, समुद्राच्या बाजूला. साठेक हेक्टर. अठराव्या शतकाच्या मध्याला कुवेतकडून आलेल्या कुळांनी वाढवलं. मोती आणि व्यापार. बघता बघता आखातातली मोठी पेठ झाली. भोवती तट, तटाला बावीस बुरूज. १७८३ मध्ये इथल्याच अल खलिफा घराण्याने बहरीन घेतलं आणि तिकडे गेलं, आजही बहरीनवर तेच राज्य करतात. १८११ मध्ये मस्कतच्या लोकांनी गाव जाळलं. नंतर थोडी वस्ती परत आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीही उठली. मग वाळू. वाळूने झाकलं म्हणून राहिलं. २००९ पासून डेन्मार्कच्या कोपनहेगन विद्यापीठाच्या लोकांनी इथल्यांबरोबर खणायला घेतलं. २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. खणलेला भाग अगदी थोडा. बाकी सगळं अजून खाली झोपलंय, वर नुसते उंचवटे दिसतात.

आपण कमरेएवढ्या भिंतींमधून चालतो. समुद्रातला दगड, चिखल, वर जिप्समचा गिलावा. आणि बंड्या, घरं बघून मी जागच्या जागी थांबलो. प्रत्येक घर चौकाभोवती! दारातून आत शिरलं की लगेच समोर भिंत, वळून मग चौकात, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला घरातलं दिसायला नको. दांडिया बझारातल्या तुमच्या जुन्या वाड्याचं दार आठव. तुझी आजी चौकात पापड वाळत घालायची आणि आपण बाहेरून ओरडलो तरी तिला दिसायचो नाही. आईच्या ते माझ्याही आधी लक्षात आलं. ती एका उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "हा सोपा. ही माजघराची बाजू." आणि मग, "न्हाणी कुठे?" न्हाणीची खूण मला तरी सापडली नाही.

एका घरातली एक छोटी खोली मात्र मी विसरणार नाही. जेमतेम दोन माणसं आडवी होतील एवढी. खाली गिलाव्याची जमीन, तिच्यावर ओळीने उंच वरंबे आणि त्यांच्यामध्ये पन्हाळी. सगळ्या पन्हाळी एका कोपऱ्याकडे उतरत्या. कोपऱ्यात खड्डा, त्यात रांजण. ही खजुराचा पाक काढायची खोली. खजुराची पोती वरंब्यांवर एकावर एक रचायची, दार बंद करायचं. पोत्यांच्या वजनाने आणि उकाड्याने पाक पाझरतो, पन्हाळीतून थेंब थेंब रांजणात. चूल नाही, घाणा नाही. खजूर बाहेरून यायचा, तांदूळ आपल्याकडून जायचा. मी खाली बसून पन्हाळीतून बोट फिरवणार, तेवढ्यात लांबून शिट्टी वाजली.

पाण्याची गोष्ट त्याहून अवघड. गावात गोडं पाणीच नाही. दीड-पावणेदोन किलोमीटर आत विहिरी होत्या, त्याही मचूळ, आणि त्या राखायला एक वेगळी गढी. म्हणजे एवढे पैसे, चिनी मातीची भांडी, कॉफीचे पेले, सगळं खणताना सापडलंय, आणि प्यायला मचूळ पाणी, तेही पहाऱ्यात. आपल्याला सयाजीरावांनी आजव्याच्या तलावाचं पाणी आणून दिलं ते कसलं सुख होतं, हे आपण नळ सोडून क्रिकेटला पळायचो तेव्हा काय कळणार!

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. किनाऱ्याच्या बाजूला झोपड्यांच्या खुणा आहेत. खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या. त्यांची भिंत उरत नाही, नुसती खांबांची भोकं आणि राख. तिथे राहायची हंगामी माणसं. मोठ्या वाड्यात मोत्यांचा व्यापारी, लाल फडक्यात मोती पसरून चाळणीने आकार निवडणारा. आणि झावळ्यांच्या खोपटात पाणबुड्या.

पाणबुड्याचं काम कसं चालायचं ते काल संग्रहालयात नीट पाहिलं होतं. उन्हाळा लागला की गलबतं निघायची ती सप्टेंबरअखेर परत. नाकाला चाप, पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी, बोटांवर चामड्याच्या टोप्या, कारण शिंपल्याची धार बोट कापते. वर एकजण दोर धरून उभा. दगडाने खाली जायचं, हाताला लागतील ते शिंपले उपटायचे, दोराला झटका दिला की वरचा ओढून घेणार. मिनिट, फार तर दीड मिनिट. श्वास घेतला की परत खाली. दिवसभर हेच. सकाळी चार खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. खरं जेवण सूर्य मावळल्यावर. शिंपले ढीग करून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी मिळून नाखुद्याच्या, म्हणजे गलबताच्या कप्तानाच्या, डोळ्यांदेखत उघडायचे. त्यामुळे कुठला मोती कुणाच्या बुडीतला हे कुणालाच कळायचं नाही. मला ही युक्ती भयंकर हुशार वाटली आणि तितकीच वाईट.

हंगामाआधी घरी दाणापाणी भरायला उचल मिळायची. शेवटी हिशोब. हिशोबाची वही नाखुद्याकडे, आणि पाणबुड्याला वाचता येत नाही. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच गलबतावर. पुढे जपानी कृत्रिम मोती बाजारात आले, त्यावर १९२९ ची मंदी, आणि धंदाच बसला. तेलाची निर्यात सुरू झाली १९४९ मध्ये. मधली वीस वर्षं इथे लोकांनी अक्षरशः उपास काढले.

खंडेरावांचा गालिचा झुबाराच्या भरभराटीनंतर पन्नास-साठ वर्षांनी झाला, तेव्हा ते मोती याच गावातून गेले असं मी म्हणत नाही. पण समुद्र तोच आणि बुडी मारायची पद्धतही तीच. पंधरा लाख मोती! शिंपले उघडावेत तर बहुतेकात काही निघत नाही. किती बुड्या झाल्या असतील याचा हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला.

परत निघताना किल्ल्यापाशी पहारेकरी भेटला, मघाचा शिट्टीवाला. नेपाळचा पोरगा, तेवीस-चोवीसचा. हिंदी छान. मला म्हणाला, "साहब, उधर कुछ नहीं है, बस पत्थर." आईने त्याला गाडीपाशी बोलावलं, थेपले आणि छुंदा दिला, आणि तुला माहीतच आहे आपल्या आया, दुसऱ्या वाक्याला विचारलं, "पगार किती?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने सांगितला. मग "लग्न?", मग "घरी कोण?", मग "इकडे यायला किती लागले?" एजंटाला द्यायला गावच्या सावकाराकडून काढलेले पैसे. पहिली दोन वर्षं सगळी व्याजातच गेली, आता मुद्दल चाललंय. तो हे हसत सांगत होता, थेपला दुमडून खात. आई म्हणाली, "वही कोणाकडे असते?" त्याला प्रश्न कळला नाही. मला कळला. काल संग्रहालयात ती सगळं वाचत होती तर!

मी कंपनीच्या तिकिटावर आलो, पहिल्या दिवशी हॉटेलात उतरलो, हे तेव्हा त्याच्यासमोर आठवायला नको होतं, पण आठवलं.

तर गालिचा कुणाचा? तू म्हणतोस बडोद्याचा, मी म्हणायचो इथला. आता मला वाटतं, आपण दोघेही गिऱ्हाईक आणि दुकानदाराच्या बाजूने भांडत होतो. बुडी मारणाऱ्यांच्या वारसांनी दावा लावला तर तुझी आणि माझी दोघांची केस पहिल्या तारखेला निकालात निघेल. तरी एक सांगतो, तुला राग येईल. तो इथे ठेवलाय ते चांगलंच केलंय. शेजारच्याच काचेत नाकाचे चाप आणि पायाचे दगड आहेत, आणि एकाच फेरीत दोन्ही बघावे लागतात. आपल्याकडे असता तर आपण वर "गायकवाडी वैभव" लिहिलं असतं, सोन्याच्या तोफेशेजारी ठेवला असता, आणि शाळेच्या सहली त्याच्यासमोर रांगेत उभ्या करून पुढे हाकलल्या असत्या. तू नाही म्हण बघू!

परतीच्या वाटेवर एका टपरीवर करक चहा घेतला. वेलदोड्याचा, दाट, साखर इतकी की चमचा उभा राहावा. आईला आवडला. टपरीवाला मलबारी. बोलता बोलता मी आईला सांगितलं, की १९६६ पर्यंत इथे आपला रुपयाच चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. आई लगेच, "बरं झालं बंद झाला. नाहीतर तू इथे कशाला आला असतास?" यावर आपल्याकडे उत्तर नाही.

तुझं काय चाललंय? वाड्याच्या जागेचं बिल्डरबरोबर ठरलं का? चुलत्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपयाही हातात घेऊ नकोस, आणि करारनामा मला फोटो काढून पाठव. आणि दुकानाची वरची पाटी बदलतोयस असं ऐकलं. जुनी फेकू नकोस, मला हवी आहे. थट्टा नाही, खरंच.

आई पुढच्या महिन्यात परत येतेय. विमान अमदाबादला पहाटे उतरतं. तू स्वतः जाशील ना घ्यायला? टॅक्सी करते म्हणून ती तुला सांगेल, ऐकू नकोस. तिच्या बॅगेत तुझ्यासाठी खजूर आहे आणि खजुराच्या पाकाची बाटली, ती तीन पिशव्यांत गुंडाळून शालीत बांधली आहे, तेव्हा बॅग आडवी टाकू नकोस. पाक भाकरीशी चांगला लागतो, पण खरा लागतो तो दह्यात.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेलं लोणचं पंधरा दिवसांत संपलं आणि ते एकट्या मी संपवलेलं नाही. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्या

ता. क. आईने त्या नेपाळी पोराचा नंबर घेऊन ठेवलाय आणि दर शुक्रवारी त्याला जेवायला बोलवायचं असं मला बजावलंय. इथून झुबारा शंभर किलोमीटर, हे तिला कोण सांगणार? तू सांगून बघ.